मालवणचा बंगला आणि कोल्हापूरचा जावई

राजारामपुरीत आमच्या कट्ट्यावर माझी ओळख 'मालवणला बंगला असलेला माणूस' अशी करून देतात, आणि समोरचा लगेच 'नाद खुळा भावा, कधी नेतोस मग?' म्हणतो. मे महिन्यात शिडी धरायला येता काय विचारलं की मात्र सगळ्यांच्याच घरात लग्नं निघतात.

बंगला म्हणजे सासऱ्यांचं कौलारू घर, पुढं पत्र्याची पडवी. मिरग सात-आठ जूनला निघतो, त्याआधी कौलं परतून घ्यायची, नायतर अख्खा पावसाळा पातेली सरकवण्यात जातोय. तरी कौल गुणी, भाजलेली मातीच ती, खारा वारा तिचं काय वाकडं करणार. तिचे दुश्मन दोनच, माकड आणि नारळ.

पत्र्याचं दुखणं वेगळं. लक्ष्मीपुरीतनं पत्रा पाइपाला आवळायचे गॅल्व्हनाइज्डचे, म्हणजे जस्त चढवलेले, जे-हुक नेले, दुकानदार म्हणाला 'सायेब, पंधरा वर्षं बघायला लागत नाय', आणि तो खोटं बोलत नव्हता, तेच हुक माझ्या इथल्या गच्चीवरच्या शेडला दहा वर्षं झाली ठणठणीत आहेत. मालवणात दुसऱ्याच मेमध्ये एक हुक चिमटीत धरून जरा फिरवला तर नट माझ्या हातात, वाकडा दांडा पाइपालाच आणि बोटं तांबडी, जणू हळदीकुंकू करून आलोय. सुतारकाका वर न बघताच म्हणाले, "भावजी, खारो वारो लोखंडाक सोडणा नाय." मीठ हवेतलं पाणी ओढून घेतंय, म्हणजे पाऊस नसला तरी हुक ओलाच, आणि जस्ताचा थर गेला की आतलं लोखंड पापडासारखं पदर सोडतंय.

मग स्टेनलेसचे स्क्रू. भाव ऐकून बायको म्हणाली, सोन्याचेच घ्या, मोडीत तरी जातील. म्हणून फक्त समुद्राकडची बाजू केली, मागची पुढच्या वर्षी म्हटलं. (हे वाक्य मी 3 वर्षं म्हणतोय.)

जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांच्या इशारा पातळीवर आली, सगळं कोल्हापूर फूट मोजत बसलेलं, आणि पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावतोय तोवर मालवणहून शेजाऱ्यांचा फोन.

"भावजी, तुमचो पत्रो आमच्या मांगरार इलो हा. न्हेतास काय रवांदे?"

मांगर म्हणजे त्यांचं अवजारं-गुरांचं खोपटं. मी घाबरत विचारलं, मांगराचं काय मोडलं काय?

"नाय ओ. मांगर आधी गळत होतो, आता नाय."