छाट

आज पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पुन्हा आत्याला घेऊन आधार केंद्रावर गेले आणि पुन्हा हात हलवत परत आले. रात्रीचे साडेनऊ झालेत, डोकं अजून तापलेलं आहे. भाषा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

आत्या ७१ वर्षांची आहे आणि तिच्याकडे आधार कार्ड नाही. हे सांगितलं की लोक असे बघतात, जणू तीच इतकी वर्षं झोपली होती. अहो, २०१२ साली गावच्या शाळेत कॅम्प लागला होता, तेव्हा दिवसभर रांगेत उभं राहून तिने नोंदणी केलीय. मामांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, कार्ड पोस्टाने आलं. तिचं आलंच नाही. पावती तेवढी राहिली. ती तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलीय. त्यावरची शाई कधीच उडाली, आता नुसता पिवळट कागद आहे, पण फेकू देत नाही. "सरकारची पावती आहे, असू दे," म्हणते.

एवढी वर्षं अडलं नाही, कारण घर मामांच्या अंगठ्यावर चालत होतं. रेशनच्या मशीनवर अंगठा लावायला मामा, बँकेत मामा, सगळीकडे मामा. गेल्या वर्षी मामा गेले आणि एका फटक्यात आत्या कागदावर कुणीच राहिली नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळावेत म्हणून चौकशी केली, तर पहिला प्रश्न: आधार? रेशनकार्डावरचं नाव टिकवायचं तर ई-केवायसी, म्हणजे ओळखीची मशीनवरची पडताळणी, करा. ती कशाने? आधारने.

म्हणून नव्याने नोंदणी केली. अठरा वर्षांवरच्या माणसाने नवी नोंदणी केली की आता राज्य सरकारकडून पडताळणी होते आणि त्याला १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. ठीक आहे. पैसे चारून खोटी कार्डं काढणारे आहेत, मान्य, पडताळणी हवीच. पण या बाईकडे मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात सुरू झालेलं मतदार ओळखपत्र आहे, रेशनकार्ड आहे, बिडी कामगाराचं फोटोवालं ओळखपत्र आहे. सरकारनेच दिलेली तीन-तीन कागदं! एकावर नावापुढे 'बाई' आहे आणि एकावर नाही, म्हणून त्यातही एक महिना गेला. आपल्याकडे कुठल्या बाईच्या नावाला 'बाई' लागत नाही हो? तो लिहिणारा कारकून कोण होता, तो काय आत्याला विचारून लिहीत होता?

आणि एवढी वाट बघून स्टेटस काय आलं, तर नामंजूर. कारण, बोटांचे ठसे नीट नाहीत.

आता ठसे का नाहीत ते ऐका. आत्याने चाळीस वर्षं बिड्या वळल्या. मी लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायचे तेव्हाचं चित्र डोळ्यांपुढे आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कातरीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. बोलता बोलता, माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता. दिवसाला हजार. संध्याकाळी कारखान्यात नेऊन दिल्या की तिथला माणूस मूठमूठ बिड्या उचलून बाजूला फेकायचा. त्याला म्हणायचे छाट. छाटीचे पैसे नाहीत. पान तिचं, मेहनत तिची आणि का छाटलं हे विचारायची सोय नाही.

आज केंद्रावर नोंदणी करणारा मुलगा तिचं एकेक बोट धरून काचेवर दाबत होता. ओल्या फडक्याने पुसलं, पुन्हा दाबलं. पदराने पुसलं, पुन्हा. खालचा हिरवा उजेड तिच्या बोटातून आरपार गेल्यासारखा दिसत होता आणि स्क्रीनवर रेघाच नाहीत, नुसता करडा डाग. मागे रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजी, जोर लावा की." आत्या कसनुशी हसली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "छाट केलं गं मला."

मला तिथे रडू आलं नाही. इतका राग आला की काही सुचलंच नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात दिलं गेलं होतं. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली गाव, २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान स्वतः आले होते, केवढा सोहळा. ज्या गरिबाला स्वतःची ओळख सिद्ध करता येत नाही त्याच्यासाठी हे आहे, असंच तर सांगितलं होतं ना? मग ज्या बाईकडे ठसेसुद्धा उरले नाहीत इतकं काम जिने केलं, ती या यादीत पहिली हवी होती की शेवटची?

बरं, नियम नाही असंही नाही. बोटांचे ठसे देता येत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवर नोंदणी करता येते. डिसेंबर २०२३ मध्ये केरळात हाताला बोटंच नसलेल्या एका बाईला आधार मिळत नव्हतं. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं, तर त्याच दिवशी पथक तिच्या घरी हजर आणि काम फत्ते. पुसट ठसेवाल्यांनाही बुबुळांवर आधार द्या, असं तेव्हा पुन्हा बजावलं गेलं. आत्याचे डोळे ठणठणीत आहेत, अजून सुईत दोरा ओवते. मी हे सगळं त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मी टाकतो तसं, पण वरून परत येतं." वर कोण बसलंय? त्याला माहीत नाही. मलाही माहीत नाही. आता प्रत्येक आत्यासाठी एकेक केंद्रीय मंत्री कुठून आणायचा?

त्या मुलावर मी आवाज चढवला. चुकलंच माझं. त्याने आत्याला स्वतःची खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. सर्व्हर बंद पडला तर रांगेच्या शिव्या तोच खातो.

पण मला खरा संताप कशाचा येतो सांगू? पॅनला आधार जोडायला आपल्याला उशीर झाला तेव्हा काय झालं आठवतंय? १००० रुपये. आधी पैसे भरा, मग बोला. माझ्या नवऱ्याने भरलेत, तुमच्यापैकीही कितीतरी जणांनी निमूट भरलेत. आपला उशीर तारखेनिशी मोजला जातो. आणि त्यांनी उशीर केला की? "पुढच्या महिन्यात चौकशी करा." आत्याचे महिन्याचे १५०० रुपये जे बुडतायत, ते कोण भरून देणार? कार्ड आल्यावर मागचे मिळणार का, असं विचारलं तर समोरचा माणूस हसला. अक्षरशः हसला.

हो, मला स्वतःला आधारचा फायदा झालाय. बँकेचं खातं घरबसल्या दहा मिनिटांत उघडलं, नाही म्हणत नाही. माझे ठसे छान उमटतात. मी आयुष्यभर कीबोर्ड बडवलाय.

येताना एसटीत आत्या खिडकीशी बसली होती. बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट, तेवढ्यासाठी अजून आधार मागत नाहीत हे नशीब. ती आपले हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघत होती. मी म्हटलं, "काय बघतेस?" तर म्हणे, "रेघा आहेत की गं. ज्योतिषाला दिसल्या होत्या." आणि मग दोघी एवढ्या हसलो की कंडक्टर वळून बघायला लागला.

आता मुद्द्याचं. नाशिककडचं कुणाला असं केंद्र माहीत आहे का, जिथे बुबुळांवरची नोंदणी खरोखर करतात आणि ती वरून परत येत नाही? इनबॉक्समध्ये कळवा. "एजंटला दोन हजार द्या, होऊन जाईल" हे कृपा करून सांगू नका, ते आज तिघांनी सांगितलंय.

गुरुवारी पुन्हा जायचंय. त्या मुलाने जाता जाता सांगितलं होतं, आजी, रोज रात्री हाताला काहीतरी लावा, कातडी मऊ पडली तर उमटतील कदाचित. मघाशी आत्याचा फोन आला. खोबरेल लावून, हातांना जुने मोजे चढवून बसलीय. म्हणाली, "फोन धरता येत नाही गं नीट, ठेवते."