हुमणावर खापर फोडण्याआधी घड्याळ बघा

जेवल्यावर छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं असं कुणी म्हटलं की आपल्याकडे पहिलं खापर फुटतं हुमणावर, म्हणजे माशांच्या आमटीवर. मग मिरचीवर, मग आमटीतल्या मसाल्याच्या तेफळावर आणि शेवटी बिचाऱ्या सोलकढीवर. सोलकढीवरून तर घराघरात दोन पक्ष. एक म्हणतो तिनं पित्त शमतं, दुसरा म्हणतो आंबट आहे, शिवूसुद्धा नकोस. काही वर्षं हे दुखणं वागवल्यावर माझं मत असं झालंय की काय खाल्लं याच्या चौकशीत आपण फार वेळ घालवतो. किती खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि खाऊन किती वेळात आडवे झालो, हे कुणी विचारतच नाही.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते आवळायला हवं. भलत्या वेळी सैल पडलं की जठरातलं आम्ल वर येतं. जठराचं अस्तर आम्ल सोसायला घडलेलं आहे, अन्ननलिकेचं नाही, म्हणून जळतं. म्हणजे बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त होतं असं नाही, ते नको तिथे पोचतं. पोट तट्ट भरलं की हे कडं सैल पडायची शक्यता वाढते, तेलकट जेवण पोटात रेंगाळतं आणि आडवं झालं की आम्लाला वर यायला वाट मोकळी. सुटलेलं पोट वरून दाब देतं, तो वेगळाच. सगळ्यांना जळजळच होते असंही नाही. कुणाला रात्रीचा कोरडा खोकला असतो, कुणाचा सकाळी आवाज बसलेला असतो, आणि कफाची औषधं चालू राहतात.

आता आपल्या रात्री बघा. दुकान बंद करून किंवा हॉटेलातली ड्युटी संपवून माणूस साडेनऊला घरी येतो. आंघोळ, बातम्या, मग दहा वाजता दुपारचं हुमण, भरपूर शीत म्हणजे भात, दोन तळलेले बांगडे. हात धुतले की खाट. जत्रेच्या दिवसांत नाटकाचा पडदा वर जाईपर्यंतच मध्यरात्र जवळ येते, आणि मध्ये मिरची भजी आणि चहा हवाच. मार्च उजाडला की उर्राक, काजूच्या बोंडांची दारू. त्यात लिंबाचं गॅसवालं पेय, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. दारूनं कडं सैल पडतं, गॅसनं पोट फुगतं, आणि सोबतीला तळलेलं काहीतरी असतंच. एवढं सगळं करून सकाळी दोष सोलांना!

मी रात्रीचं जेवण साडेसातवर आणलं. जेवण आणि झोप यांत तीन तास, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा उपाय ठरला. शागोती, म्हणजे मटणाचा किंवा कोंबडीचा मसालेदार रस्सा, रविवारी दुपारीच. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे करून घातले, सहा-आठ इंचांचे. दोन-तीन उश्या रचून हे साधत नाही, कारण माणूस कमरेत वाकतो आणि पोटावर दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यानंही फरक पडतो, कारण त्या बाजूला झोपल्यावर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं. पथ्याची यादी मात्र ज्याची त्याला करावी लागते. मला दुपारची सोलकढी चालते, रात्रीची नाही. कॉफी तर दुपारचीसुद्धा सोसत नाही. माझ्या बहिणीचं नेमकं उलटं आहे.

अवघड आहे ते लोकांना समजावणं. कुणाकडे रात्री जेवायला गेलं आणि ताटात दोनच चमचे भात वाढून घेतला की काकी म्हणणारच, ‘आमच्या हातचं आवडत नाही काय रे?’ साखर असलेल्या माणसाला गोडाचा आग्रह करताना लोक आता थोडे तरी कचरतात. आम्हाला ती सवलत नाही, कारण ‘पित्त काय, सगळ्यांनाच होतं.’

आणि गोळ्या. पँटोप्राझोलची पट्टी आज घराघरात फ्रीजवर पडलेली असते. बरेच जण ती पोळी-भाजी खाऊन चहासोबत घेतात, नाहीतर जळजळ सुरू झाल्यावर. या गोळीचं काम आम्ल बनवणारे पंप बंद करायचं, आणि ते पंप खाण्यानं जागे होतात. म्हणून ती खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. लगेच आराम हवा असेल तर त्याला पातळ अँटासिड आहे, त्याचा असर थोडाच वेळ टिकतो. औषधांच्या दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षं पँटोप्राझोल घेणाऱ्यांनी डॉक्टरला एकदा विचारावं, कारण दीर्घकाळात बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. मनानं एकदम बंदही करू नये, काही दिवस आम्ल आधीपेक्षा जोरात उसळतं. गुडघेदुखीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात.

घास अडकायला लागला, वजन आपोआप उतरलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा तपासणीत रक्त कमी निघालं, तर घरगुती उपाय बास. एंडोस्कोपीला लोक उगाच घाबरतात. घशाला बधिर करणारा फवारा मारतात, नळी आत जाते आणि काही मिनिटांत काम संपतं. वर्षानुवर्षांच्या जळजळीनं काहींच्या अन्ननलिकेचं अस्तरच बदलतं, त्यातून क्वचित कॅन्सरही होतो, ते बाहेरून कळायला मार्ग नाही.

छातीत दुखून दरदरून घाम फुटला, दम लागला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर ‘पित्त असेल’ म्हणत सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन लावा. ईसीजी आणि रक्ततपासणी करून डॉक्टरांनी हृदय ठीक आहे म्हटलं, तर अँटासिड घरी येऊन घेता येईल.