डी बाय एफ शार्प, निशाणी डावा अंगठा

आमच्या धंद्यात तिरप्या रेघेला फार मान आहे. गेली सव्वीस वर्षं मी नाशकात सीबीएस बसस्थानकाजवळ एका वकिलांकडे जमिनीचे जुने कागद तपासतो. सातबारा, आठ-अ, फेरफार, वारसनोंदी. सर्व्हे नंबरापुढे रेघ आणि रेघेपुढे आकडा दिसला की मला पोटहिस्सा, बांध आणि त्या बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ एकदम दिसतात. त्यामुळे गिटारच्या क्लासात सरांनी फळ्यावर डी, मग तिरपी रेघ आणि मग एफ शार्प असं लिहिलं, तेव्हा अख्ख्या वर्गात एकटा मीच निर्धास्त होतो. बाकीची पोरं आठवी-नववीतली. त्यांनी कुठे सातबारा बघितलाय?

"काका, ही डी बाय एफ शार्प," सर म्हणाले. सर चोवीस वर्षांचे आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात, आणि फी कोणी कोणाला द्यायची याबद्दल आमच्यात वाद नाही.

"म्हणजे डीमधला एफ शार्पचा पोटहिस्सा," मी म्हणालो.

सर थोडा वेळ खिडकीबाहेर गंगापूर रोडकडे बघत राहिले.

गिटार मुळात मुलाची. दहावीच्या सुट्टीत हट्ट करून घेतली, चार महिने वाजवली आणि कपाटावर टाकली. आता तो पुण्याला नोकरीला गेला. जाताना म्हणाला, "विकून टाका." जन्मभर लोकांना वडिलोपार्जित विकताना बघितलेल्या माणसाच्या पोटात विकायचं म्हटलं की गोळा येतो. मी क्लास लावला.

तर रेघ. शाळेतल्यासारखी वर अंश, खाली छेद अशी ही रेघ नाही, हे सरांनी सांगितलं आणि मला ते लगेच पटलं. 7/12 हासुद्धा कुठे अपूर्णांक आहे? गाव नमुना सात हक्काचा, गाव नमुना बारा पिकाचा. एकात मालक कोण ते कळतं, दुसऱ्यात जमिनीत प्रत्यक्ष काय उभं आहे ते. कॉर्डचंही, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचंही, तसंच. रेघेच्या आधी कॉर्ड कोणाची ते, रेघेनंतर तळाशी कोणता सूर उभा आहे ते.

त्यातही पोटभेद आहेत. डी कॉर्डमध्ये सूर तीन: डी, एफ शार्प आणि ए. म्हणजे एफ शार्प घरचाच माणूस. एरवी तो माडीवर, सगळ्यात बारीक तारेवर बसलेला असतो. त्यालाच तळमजल्यावर, दाराशी आणून बसवायचं. हा वारस. पण एफ बाय जी घ्या. एफमध्ये एफ, ए आणि सी; जीचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. हे कूळ. बाहेरून आलं, खाली राबायला लागलं, आणि तळातून असं काही घुमतं की थोड्या वेळाने ती कॉर्ड जीच्याच मालकीची वाटायला लागते. महसुलाच्या भाषेत याला 1 एप्रिल 1957 म्हणतात. कूळकायद्याने त्या दिवशी कुळं मालक झाली.

हे सगळं मी सरांना सविस्तर समजावलं. ते म्हणाले, "काका, आधी वाजवून दाखवा."

इथे माझी अभ्यासू बाजू संपते.

या कॉर्डची गरज का पडते, हेही मला नीट कळलेलं आहे. कळण्याच्या बाबतीत माझ्यात खोट नाही. जी, डी, ई मायनर अशा तीन कॉर्ड ओळीने वाजवल्या तर तळाचा सूर जीवरून उडी मारून वर डीवर जातो आणि तिथून धपकन खाली ईवर पडतो. जीला सा धरलं तर सा, वरचा प, आणि एकदम खालचा ध. मधली डी एफ शार्पवर उभी केली की सा, नि, ध असं शिस्तीत उतरता येतं. घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेवर जावं तसं. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. पाहुण्यांनी वाद घालू नये.)

पण ही मधली पायरी अंगठ्याची आहे. डी धरण्यात तीन बोटं आधीच गुंतलेली. एफ शार्प पार वरच्या जाड तारेवर, दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीपाशी. तिथे गिटारच्या मानेला मागून विळखा घालून डावा अंगठा पोचवायचा. मान त्या टोकाला जेमतेम 43 मिलिमीटर रुंद. एवढ्यासाठी आमच्याकडे कोणी मोजणीसुद्धा मागवत नाही. चार बोटांनीही ही कॉर्ड धरता येते म्हणे. मी धरून बघितली. करंगळी भावकीतून फुटल्यासारखी लांब जाऊन उभी राहिली आणि परत येईना.

"जिमी हेंड्रिक्स अंगठ्यानेच धरायचा," सरांनी धीर दिला. मी त्या गिटारवाल्याचा फोटो बघितला. त्याचा अंगठा मानेवरून असा सहज उतरलाय की जसा कट्ट्यावर हात टाकून कोणी गप्पा मारत बसलंय. माझा अंगठा कुंपणावरून डोकावणाऱ्या माणसासारखा. दिसतं सगळं, पलीकडे जाता येत नाही.

खरं तर अंगठा हा माझा हातखंडा. सही न येणारे पक्षकार आले की त्यांचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर फिरवून कागदावर उमटवायचं काम कायम माझ्याकडे. "आजी, हात सैल सोडा. तुम्ही जोर लावू नका, मी दाबतो." हे वाक्य मी किती हजार वेळा बोललो असेन. त्या दिवशी सरांनी माझा डावा अंगठा धरला, तारेवर नेला आणि म्हणाले, "काका, हात सैल सोडा. तुम्ही जोर लावू नका."

शेजारच्या नववीतल्या मुलीने तेवढ्यात ती कॉर्ड धरून, वाजवून, सोडूनही दिली.

मग घरी सराव. डिसेंबरची थंडी; निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या पेपरात, आणि इथे पहाटे तारा नुसत्या बर्फ. जी छान वाजायची. मग एफ शार्पच्या जागी "खट्". मग ई मायनर. जी, खट्, ई मायनर. ती जाड तार नीट दाबली तर सेकंदाला साधारण 92 वेळा थरथरते. माझ्या अंगठ्याखाली ती एकदाही थरथरत नव्हती, थरथरत होतो तो मी.

स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "अहो, पेटला का?" पहिल्या दिवशी तिला खरंच वाटलं की मी देवघरात लायटर घेऊन बसलोय. नंतर तिने ते मुद्दाम चालू ठेवलं. खट्. "पेटला का?" खट्. "राहू द्या, मी काडेपेटी देते."

आठ दिवसांत कळ अंगठ्यातून वर चढायला लागली. पुराचं पाणी नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, कमरेला लागलं की छातीला. तसं ती चहा देताना विचारायची, "आज कुठवर?"

"मनगट."

दोन दिवसांनी, "कोपराच्या खाली." खांद्याला लागलं तेव्हा गिटार दोन दिवस बंद ठेवून एरंडेल चोळलं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, मिसळ खाऊन आलो आणि सहज, मनात काही न धरता गिटार उचलली. तर्रीचा हात नीट धुतलेला नव्हता, हे कबूल करतो. जी वाजवली. अंगठा घसरत वर गेला आणि कुठेतरी टेकला. तळातून एक जाड, गोल सूर निघाला, नारोशंकराच्या घंटेच्या नात्यातला. मग ई मायनर. सा, नि, ध. मी पायऱ्या उतरलो होतो.

आतून काहीच आवाज आला नाही. मी परत वाजवलं.

"पेटला," ती म्हणाली, आणि फोडणी टाकली.

सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात एका खरेदीखतावर मला ओळख पटवायला उभं राहायचं होतं. सही केली, फोटो झाला, मशीनवर डावा अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. तिथल्या पोराने माझा अंगठा हातात घेऊन उजेडात धरला. मधोमध आडवी चरी पडली होती, आणि चरीत तारेच्या वेटोळ्यांच्या बारीक बारीक रेघा.

"काका, काय झालं हे?"

"डी बाय एफ शार्प," मी म्हणालो.

त्याने कीबोर्ड जवळ ओढला. "गाव कोणतं?"