नळाच्या पाण्यातला तो तपकिरी गाळ कुठून येतो?

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय: विक्रेता नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतो, पाणी गढूळ तपकिरी होतं, क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा रंग मात्र बदलत नाही. म्हणे पुण्याचं पाणी विषारी!

तो गाळ पाण्यातला नाही, सळईचाच आहे. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षारच नगण्य, मग वीज वाहणार कशी? त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. (विक्रेता बहुधा टाकणार नाही.)

भारतीय मानकानुसार टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. पुण्याला मिळणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळात मृदू, त्याला आरओ लावणं म्हणजे पाणी वाया घालवणं. बोअर किंवा टँकरचं पाणी जड असेल तर गोष्ट वेगळी.

टीडीएस मीटरला जंतू मात्र दिसत नाहीत. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्यावर जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता, क्षारांवर नव्हे. जंतूंसाठी यूव्ही फिल्टर घ्या, नाहीतर पाणी सरळ उकळा. आणि हो, सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, तेही विचारा.