दाण्याचं टोपलं तेवढं वेगळं ठेवा

मेंढ्या आणि राजहंस एकत्र पाळण्यावरचा लेख आवडला. घरच्या चार-सहा मेंढ्यांसोबत राजहंस (पाळीव गूज) ठेवायची कल्पना आमच्या यवतमाळकडच्या कास्तकारालाही परवडण्यासारखी आहे, दोघंही मुख्यतः गवतावर जगतात. पण लेखातलं 'एकाच गव्हाणीत खाद्य टाका' हे काही पटलं नाही. राजहंसांना दाणा म्हणून देतात त्या कोंबडीखाद्यात तांबं असतं आणि मेंढीला ते नीट बाहेर टाकता येत नाही, काळजात म्हणजे यकृतात साठत जातं. बरेच दिवस काहीच दिसत नाही. मग एक दिवस मेंढी चारा सोडते, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते, आणि तोवर बहुतेक वेळा हातचं गेलेलं असतं. म्हणून कळप चरायला बाहेर पडल्यावरच राजहंसांना दाणा टाकावा आणि उरलेला लगेच उचलावा. शेळ्यांचं क्षारमिश्रणही मेंढ्यांना देऊ नये, त्यातही तांबं जास्त असू शकतं.

पाण्याचंही तेच. राजहंस चोच धुतो, त्यातच घाण करतो, अन् मेंढी असलं पाणी तोंडात घेत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेल्यावर हे चालणार कसं? दोन टाक्या हव्यातच.

राजहंस कपाशीत सोडायचं म्हणाल तर अमेरिकेत एकेकाळी तण खायला ते सोडत. आपल्याकडे फवारणी झालेल्या वावरात हा प्रयोग नको, धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवतसुद्धा नको.

राजहंस कळपाची राखण करतो याबद्दल लेखकाने जरा जास्तच लिहिलंय. परकं माणूस दिसलं की राजहंस गाव डोक्यावर घेतो हे खरं, पण मोकाट कुत्र्यांच्या टोळीपुढे तोच आधी मारला जातो. रात्री मेंढ्या आणि राजहंस दोघांनाही जाळीच्या आत घ्या.