‘सगळेच घेत होते’? अजिबात नाही

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. “मावशी, हे वाच. बरोबर आहे ना?” खाली एक फॉरवर्ड. बेसबॉलवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या फिरतंय तेच. त्याचा सारांश असा: स्टेरॉइडच्या (ताकद वाढवणाऱ्या औषधांच्या) काळात अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सगळेच ती घेत होते, म्हणजे लढत बरोबरीचीच होती. तेव्हा ते नियमाविरुद्धही नव्हतं. औषधानं काही बॉल बॅटवर येत नाही, नजर उपजतच लागते. त्या होमरनांनीच (बॉल थेट कुंपणापलीकडे धाडणाऱ्या फटक्यांनी) खेळ वाचवला. म्हणून आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सगळ्यांना परवानगी द्या आणि होमरनांचा विक्रमवीर बॅरी बाँड्सला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, घ्या.

भाचा 16 वर्षांचा आहे, शाळेच्या टीममध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आहे. एरवी मी असलं काही न वाचता पुढे सरकते. पण त्यानं विचारलंय, म्हणून लिहिते.

आधी एक सांगते. मी 2000 पासून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत नवीन मैदान उघडलं तेव्हापासून, तिथल्या जायंट्स टीमची, म्हणजे बाँड्सच्या टीमची, फॅन आहे. 7 ऑगस्ट 2007 ला बाँड्सनं 756वा होमरन मारला तेव्हा मी स्टँडमध्ये होते. घसा बसेपर्यंत ओरडले. मग मोठ्या पडद्यावर हँक आरन आला. 755 चा विक्रम त्याचा होता. त्यानं बेब रूथचा जुना विक्रम गाठत आणला तेव्हा काळा माणूस म्हणून त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं यायची. त्या माणसानं शांतपणे अभिनंदन केलं, आणि माझ्या टाळ्या थांबल्या. तेव्हा बाँड्सबद्दल मला आकस आहे असं कोणी समजू नये. जाणूनबुजून काही घेतलं नाही असं तो सांगत आलाय, न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा त्याच्यावरचा दोषही 2015 मध्ये अपिलात रद्द झाला. मी बोलतेय ते फॉरवर्डमधल्या दाव्यांबद्दल.

‘नियमाविरुद्ध नव्हतं’ हे चूक आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड बाळगणं अमेरिकेत 1991 पासून कायद्यानंच गुन्हा आहे. त्याच वर्षी बेसबॉलचा प्रमुख, कमिशनर फे व्हिन्सेंटनं सगळ्या क्लबांना लेखी कळवलं होतं की बेसबॉलमध्येही हे चालणार नाही. नव्हती ती तपासणी.

नजरेचा मुद्दा होमरनांसाठी गाजलेल्या मार्क मॅग्वायरचा. 2010 मध्ये कबुली देताना तो हेच म्हणाला: नजर उपजतच होती, औषध ताकदीसाठी नाही, दुखापतीतून सावरायला घेतलं. अहो, पण सावरणं हाच तर फायदा आहे! 1993 मध्ये तो फक्त 27 सामने खेळला होता, 1994 मध्ये 47. पूर्ण सीझन 162 सामन्यांचा असतो. रोजच्या रोज ताज्या अंगानं उभं राहता आलं तर उपजत नजर कामाला येणार. बाकावर बसून नजरेचं काय लोणचं घालायचं?

आता मुख्य गोष्ट, ‘सगळेच’. 2003 मध्ये पहिल्यांदा नावं न जाहीर करता तपासणी झाली. 1,438 चाचण्यांत 5 ते 7 टक्के दोषी निघाल्या. मान्य, तपासणी ढिली होती. सीझनमध्ये कधीतरी ती होणार हे खेळाडूंना ठाऊक होतं आणि काही औषधं तेव्हा सापडतच नसत. बरं, तिप्पट करा आकडा. चौपट करा. तरी न घेणारेच जास्त उरतात. बेसबॉलमधल्या स्टेरॉइडच्या चौकशीचा डिसेंबर 2007 चा मिचेल अहवाल 409 पानांचा आहे, त्यात 89 खेळाडूंची नावं आहेत. फॉरवर्डवाले ती नावंच तेवढी मोजतात. पण तोच अहवाल स्पष्ट म्हणतो की सगळ्यात मोठा अन्याय न घेणाऱ्या प्रामाणिक खेळाडूंवर झाला.

तो अन्याय कसा होतो ते पाहा. त्या काळी मेजर लीगच्या, म्हणजे सर्वांत वरच्या लीगच्या, टीममध्ये जागा 25. जायंट्सचा 26वा माणूस फ्रेस्नोत ट्रिपल-एमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या लीगमध्ये, खेळायचा. 25व्यानं सुई टोचली, त्याचे चार उंच फटके कुंपणापलीकडे गेले की फ्रेस्नोवाल्याला बोलावणं येत नाही. 2001 मध्ये मेजर लीगचा किमान पगार 2 लाख डॉलर होता. तो गेला, पुढचं पेन्शन गेलं, तिशीत खेळ संपला. त्याचं नाव कुठल्याच अहवालात नाही, कारण त्यानं काही केलंच नाही. ‘लढत बरोबरीची होती’ हे त्याच्या तोंडावर सांगा.

खेळ वाचवला, हे अर्धं खरं आहे. 1994 च्या खेळाडूंच्या संपात वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची लढतच, रद्द झाली, लोक चिडले होते, आणि 1998 च्या मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्या होमरनांच्या शर्यतीनं ते परतले. मालक, युनियन, कमिशनर बड सेलिग, सगळ्यांनी तेव्हा डोळेझाक केली. सेलिग आज हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि बाँड्स पत्रकारांच्या 2022 च्या शेवटच्या मतदानात 66 टक्क्यांवर अडकला, लागतात 75. हे मलाही बोचतं. म्हणून औषध चांगलं ठरत नाही.

आणि ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ वाचून तर माझं डोकंच फिरलं. मेजर लीगच्या खेळाडूला डॉक्टर मिळेल हो. त्याच्याकडे बघून शिकणाऱ्या पोरांना कोण मिळणार? टेक्सासमधल्या प्लेनोच्या एका शाळकरी पिचरला कोचनं अंगानं वाढायला सांगितलं होतं. त्यानं गुपचूप स्टेरॉइड घेतले. 2003 मध्ये, 17व्या वर्षी, त्यानं जीव दिला. स्टेरॉइड सोडल्यावर आलेल्या नैराश्यानं हे झालं, असं त्याच्या वडिलांनी मार्च 2005 मध्ये अमेरिकेच्या संसदेसमोर, काँग्रेससमोर, सांगितलं. वाढत्या वयात स्टेरॉइडनं हाडांची वाढ थांबते, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडतं, ते वेगळंच.

रविवारी भाचा घरी आला. किटबॅगेतून त्यानं एक काळी बाटली काढून दाखवली. “हे तसलं नाही मावशी, नॅचरल आहे. दुकानात मिळतं.” मी म्हटलं, ऑगस्ट 1998 मध्ये मॅग्वायरच्या लॉकरमध्ये पत्रकाराला दिसलेली अँड्रोची (शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉन बनणाऱ्या गोळ्यांची) बाटलीही दुकानातलीच होती. तेव्हा ती कायदेशीर होती, 2004 मध्ये तिच्यावर बंदी आली. मग आम्ही दोघांनी चष्मा, टॉर्च लावून लेबल वाचलं. निम्म्या घटकांचं प्रमाणच दिलेलं नव्हतं.

बाटली माझ्या ओट्यावर आहे. त्याच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय ती त्याला परत मिळणार नाही.