‘आम्हाला कुठे काय झालं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका (खाली तुम्हीच ‘वयाने काका’ अशी सही केलीय, म्हणून),

लहान मूल असलेल्या घरात कुणीही, अगदी गॅलरीतसुद्धा, विडी-सिगारेट ओढू नये असं मी गेल्या लेखात लिहिलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडील माजघरात बसून विड्या ओढायचे, तुम्ही सगळी भावंडं त्याच धुरात वाढलात आणि ठणठणीत आहात. चुलीच्या धुराबद्दल मी गप्प, आणि घरच्या कर्त्या माणसाला मात्र आरोपी केलं.

ठणठणीत आहात हे उत्तमच. पण ‘काही झालं’ म्हणजे आपण थेट कॅन्सर धरून चालतो. मुलांना या धुराने होतं ते एवढं ठळक नसतं. कान फुटतो, छाती भरते, रात्रभर ढास लागते, दमा असेल तर तो उसळतो. आणि हे सगळं आपण ‘प्रकृतीच नाजूक त्याची’ किंवा ‘गार बाधलं’ म्हणून सोडून देतो. कानात कापसाचा बोळा घालून येणारा एखादा मुलगा तुमच्याही वर्गात असेलच. त्याच्या घरी कोण काय ओढतं, हे कोणी विचारलं होतं?

मुलं आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतात, त्यांच्या श्वासनलिकाही अरुंद. शिवाय आपल्याला धूर सोसेना झाला की आपण उठून बाहेर जातो. पाळण्यातल्या बाळाने कुठे जायचं?

पुरावा मागितलात, म्हणून स्कॉटलंडचं सांगते. तिथे मार्च 2006 मध्ये पब, हॉटेलं अशा बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आली. त्याआधी दम्याने इस्पितळात भरती होणाऱ्या मुलांचं प्रमाण वर्षाला पाचेक टक्क्यांनी वाढत होतं. बंदीनंतर ते वर्षाला 18 टक्क्यांच्या आसपास घटू लागलं. यात शाळेतही न जाणारी मुलं होती, आणि ती काही पबमध्ये बसत नव्हती! बाहेर बंदी आली की लोक घरात जास्त ओढतील ही भीती होती, ती काही खरी ठरली नाही.

चुलीचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. त्यावर वेगळा लेख होईल. पण चूल पेटल्याशिवाय भाकरी होत नाही, विडीवाचून कुणाचं जेवण अडत नाही. आणि ज्या घरात दोन्ही आहेत तिथे दोन्ही धूर एकाच छातीत जातात.

आता गॅलरी. स्लायडिंगचं दार चार बोटं उघडं असतं, कारण आत मॅच चालू असते. वाऱ्याची दिशा फिरली की धूर आत. सिगारेट संपली की बाबा आत येतात आणि बाळाला खांद्यावर घेतात; त्याचं नाक बरोबर कॉलरपाशी, जिथे वास मुरलेला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-प्रवक्त्या डॉक्टरच्या) 2006 च्या अहवालाने स्पष्टच म्हटलंय की या धुराची निर्धोक अशी मात्रा नाही आणि वेगळी खोली, उघडी खिडकी, पंखा यांनी पुरेसं संरक्षण होत नाही.

कायदा इथे कामाचा नाही, हे तुमचं बरोबर. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचा आदेश दिला, 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागांचे कडक नियम आले, पण ते उंबऱ्याबाहेरच थांबतात. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 38.7 टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता. ही मोजणी पंधरा वर्षांपुढच्यांची. तान्ह्यांना कोण विचारायला जाणार?

आरोपी मी कुणालाच केलेलं नाही. ओढणाऱ्याला व्यसन आहे, दुष्टपणा नाही. ‘मग सासऱ्यांना खाली जा म्हणायचं का?’ असं तुम्ही उपरोधाने विचारलंत. हो, म्हणायचं. सुनेने नव्हे, त्यांच्या मुलाने. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ एवढं पुरतं. बालरोगतज्ज्ञाला आधी गाठून ते खरंच सांगायला लावा. जिन्यात नको, तिथला धूर वर चढतो. गाडीतही नको, काच खाली असली तरी. परत आल्यावर शर्ट बदलून, हात-तोंड धुऊन मगच बाळाला घ्यायचं. दिवसातून पाच-सहा वेळा एवढं करायचा कंटाळा येऊन त्यांनीच सोडायचं मनावर घेतलं, तर पाकिटावर 1800-11-2356 हा फुकट नंबर छापलेला असतो, तो लावून द्या.